काउंटी जेल विस्तार

अमेरिकेतल्या काउंटीच्या, म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाच्या, तुरुंगात जागा वाढवण्यासाठी होणारे नियोजन, निधीउभारणी आणि बांधकाम. मराठीत आपण सगळ्यालाच तुरुंग म्हणतो, पण तिथे ‘जेल’ आणि ‘प्रिझन’ वेगळे. प्रिझन राज्याचे किंवा संघ सरकारचे आणि लांब शिक्षा झालेल्यांसाठी असते. जेल बहुतेक राज्यांत काउंटीचे असते आणि ते बहुधा निवडून आलेला शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, चालवतो. तिथे कच्चे कैदी असतात, शिवाय साधारण वर्षाच्या आतली शिक्षा भोगणारे. २०२३च्या मध्याला देशभरच्या अशा जेलमध्ये सुमारे ६ लाख ६४ हजार माणसे होती. त्यांतल्या दर दहांपैकी सात जणांवरचा गुन्हा अजून शाबीत झालेला नव्हता. विस्ताराचा कोणताही आराखडा वाचताना हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवावे लागते.

विस्ताराची मागणी बहुधा गर्दीतून, जुन्या पडक्या इमारतीतून किंवा कोर्टातल्या दाव्यातून येते. मग काउंटीचे मंडळ सल्लागार नेमते आणि ‘किती खाटा?’ हा प्रश्न सुरू होतो. हिशेब साधा आहे: रोज आत येणारी माणसे गुणिले सरासरी मुक्कामाचे दिवस. रोज १० जण येत असतील आणि प्रत्येक जण सरासरी २० दिवस राहत असेल, तर २०० खाटा लागतात. तोच मुक्काम १५ दिवसांवर आला की १५० पुरतात. एक वीट न रचता ५० खाटा मोकळ्या होतात. तारखा लवकर पडणे, जामिनाची रक्कम, वकील कधी भेटतो, मनोरुग्णाला दवाखान्यात जागा मिळते की नाही, यांवर हा मुक्काम ठरतो. त्यामुळे मागच्या दहा वर्षांची रेघ पुढे ओढून खाटांचा आकडा काढणारा अहवाल अपुराच मानला पाहिजे. न्यू जर्सीने १ जानेवारी २०१७पासून जामिनातली पैशांची अट जवळजवळ काढून टाकली. २०१५ ते २०१८ या काळात तिथल्या कच्च्या कैद्यांची संख्या सुमारे ४४ टक्क्यांनी घटली.

सगळ्या खाटा एकदम भरता येत नाहीत, हेही नियोजनात धरतात. स्त्रिया व पुरुष, आजारी, एकमेकांचे वैरी यांना वेगळे ठेवावे लागते. म्हणून ८०-८५ टक्के भरले की जेल भरलेच असे समजतात.

पैसा उभा करण्याचा रूढ मार्ग म्हणजे कर्जरोखे. मालमत्ता कराच्या हमीवरच्या रोख्यांना बहुतेक ठिकाणी मतदारांची मंजुरी लागते. काही काउंट्या ठरावीक वर्षांसाठी विक्रीकर वाढवून मागतात, त्यावरही मतदान होते. दुसरी वाट भाडेपट्ट्याच्या रोख्यांची. इमारत एखाद्या प्राधिकरणाने बांधायची आणि काउंटीने वर्षानुवर्षे भाडे भरायचे. यात मतदान टळते, आणि म्हणूनच ही वाट मला खटकते, कारण फेड शेवटी त्याच करदात्यांकडून होते. कॅलिफोर्नियाने २०११मध्ये अनेक गुन्ह्यांची शिक्षा राज्याच्या प्रिझनऐवजी काउंटी जेलमध्ये भोगण्याची तरतूद केली. पुढे २०१२ आणि २०१४च्या दोन कायद्यांनी मिळून सगळ्या काउंट्यांच्या बांधकामासाठी, दर कायद्यामागे ५० कोटी डॉलर उपलब्ध केले. महाराष्ट्रात कारागृह हा राज्याचा विषय आहे. नव्या बरॅकींचा खर्च राज्याच्या तिजोरीतून होतो आणि त्यावर नागरिकांचे मत घेतले जात नाही.

खरी कसोटी बांधकामानंतर लागते. पहाऱ्याची एक जागा वर्षभर चोवीस तास भरायची तर ८,७६० तास होतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण वजा जाता एक कर्मचारी साधारण १,७०० ते १,८०० तास देतो. म्हणजे एका खुर्चीमागे पाच पगार. त्यात कैद्यांच्या औषधोपचारांचा भार. माणूस जेलमध्ये गेला की गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना, मेडिकेड, त्याचा खर्च उचलणे बहुतांशी थांबवते आणि तो काउंटीवर येतो. तीस वर्षांच्या हिशेबात हा चालू खर्च बांधकामाच्या कितीतरी पट होतो.

ओरेगन राज्यात पोर्टलंड शहरातले वापाटो जेल हे याचे जिवंत उदाहरण. मल्टनोमा काउंटीच्या मतदारांनी १९९६मध्ये रोख्यांना होकार दिला. १९९७च्या राज्याच्या घटनादुरुस्तीने मालमत्ता कराच्या वाढीला लगाम बसला. रोख्यांचा पैसा बांधकामापुरता होता, तो पगारांकडे वळवता येत नव्हता. सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलर खर्चून ५२५ खाटांची इमारत २००४मध्ये पुरी झाली. स्वयंपाकघरापासून शयनगृहांपर्यंत सगळे तयार होते, फक्त चालवायला पैसे नव्हते. एकही कैदी तिथे कधी राहिला नाही. रिकाम्या वास्तूच्या देखभालीवर मात्र वर्षाला काही लाख डॉलर जात राहिले. २०१८मध्ये काउंटीने ती सुमारे ५० लाख डॉलरना विकली. २०२०मध्ये तिथे बेघरांसाठी निवारा सुरू झाला.

मोंटानातल्या हार्डिन गावाने दुसरा हिशेब मांडला होता. रोख्यांतून २ कोटी ७० लाख डॉलर उभारून ४६४ खाटांचा तुरुंग बांधायचा आणि बाहेरच्या सरकारांचे कैदी भाड्याने ठेवून कर्ज फेडायचे. २००७मध्ये इमारत उभी राहिली, पण कैदी पाठवण्याचा करार कोणाशीच झालेला नव्हता. पुढच्याच वर्षी रोख्यांचे हप्ते थकले. २००९मध्ये गावाच्या परिषदेने ग्वांतानामो या क्युबातल्या अमेरिकी लष्करी तुरुंगातले बंदी आपल्याकडे ठेवायची तयारी दाखवली; तेही आले नाहीत.