कौलं, खांब आणि देवाचं लाकूड

कोकणात अलीकडे जुन्या घरांच्या सामानातून उभी राहिलेली कलाघरं दिसतात. कुठे नमन या कोकणी लोकनाट्याच्या तालमीची पडवी, कुठे मुलांचा चित्रवर्ग, कुठे नुसतं चिऱ्याचं जोतं आणि वर कौलारू छप्पर. शहरातून येणारे त्याला पर्यावरणाचं नाव देतात. गावात विचाराल तर सांगतात, परसात ढीग पडला होता, त्याचं काय करायचं?

ढीग पडला ३ जून २०२० ला. त्या दुपारी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली या पट्ट्यातली घरं उघडी पडली. नारळ-सुपारीच्या बागांचं नुकसान सगळ्यांना माहीत आहे. छपरांबद्दल मात्र कमी बोललं गेलं. पावसाळा तोंडावर, त्यात टाळेबंदी. कौलं मिळेनात, शाकारायला माणूस मिळेना. ज्याच्या हाती पैसे आले त्याने पत्रे घातले. पत्र्याला लोखंडी पाइप पुरतो, त्यामुळे आढं, वासे, रिपा हा छपराचा सगळा लाकडी सांगाडाच एका फटक्यात निकामी झाला. फणसाचे, किंजळीचे, सागाचे शंभर शंभर वर्षांचे वासे ताडपत्रीखाली पडून राहिले. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं, जुलैत चिपळूणला पूर आला, आणि चिखलात भिजलेली दारं-खिडक्या रस्त्याकडेला रचली गेली.

त्याआधीही सामान निघत होतंच. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची घरं आणि दुकानं गेली. पंतप्रधान आवास योजनेत २०१६ पासून नवं घर मंजूर झालं की अनेकांनी मातीचं जुनं घर पाडून त्याच जागी बांधलं. कुलपातली घरं तर होतीच. सात-बाऱ्यावर तीस नावं, त्यातली पंचवीस मुंबईत, आणि वाळवीने आधी माजघर खाल्लं की माळा, एवढाच प्रश्न. या सामानाला एक गिऱ्हाईक कायमचं होतं. टेम्पो घेऊन येणारा दलाल नक्षीची दारं, गजांच्या खिडक्या, पितळी कड्या उचलायचा. ते सामान मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात जायचं, नाहीतर गोव्याच्या हॉटेलात. साधे वासे आणि कौलं तो घेत नसे. गावाच्या वाट्याला आलं ते हेच, दलालाने नाकारलेलं.

मागून आणलेल्या सामानावर खेळ उभा करणं कोकणाला नवीन नाही. गणपतीतल्या किंवा शिमग्यातल्या नाटकाचा रंगमंच घरोघरच्या फळ्या, बाक आणि खाटा आणून बांधला जायचा, आणि दुसऱ्या दिवशी ज्याची फळी त्याच्या घरी. दशावताराला तर तेवढंही लागत नाही. देवळासमोर एक बाक आणि मागे पडदा, की राजा दरबार भरवायला मोकळा. पक्क्या बांधलेल्या जागेची सवय त्यामानाने अलीकडची. कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजातल्या एका कलावंत कुटुंबाने २००६ मध्ये आपला गोठा रिकामा करून त्यात चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेच्या, पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या मांडल्या. पुढे २०२१ मध्ये त्या कुटुंबप्रमुखाला पद्मश्री मिळाली. गोठ्यात कला मांडता येते हे तेव्हा पुष्कळांना पटलं. (रत्नागिरीकडे गोठ्याला वाडा म्हणतात. पुण्याचा पाहुणा ‘वाड्यात प्रदर्शन आहे’ ऐकून भलतीच अपेक्षा घेऊन येतो.) चिपळूणजवळ सावर्ड्याला चित्र-शिल्पकलेचं महाविद्यालय असल्यामुळे चित्रकला शिकायची तर मुंबईच गाठली पाहिजे, हेही राहिलं नव्हतं.

मात्र या सगळ्यात खरा वाद झाला तो देवळाच्या लाकडावरून, आणि तो अजून मिटलेला नाही.

कोकणातली पुष्कळ ग्रामदेवतांची देवळं चिऱ्याचं जोतं, लाकडी कोरीव खांब आणि कौलारू छप्पर अशी होती. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, चाकरमान्यांचं येणं-जाणं वाढलं, वर्गणी वाढली आणि स्लॅबचं देऊळ हा गावाच्या इभ्रतीचा विषय झाला. जीर्णोद्धाराच्या पावतीपुस्तकात सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब काटेकोर असतो. उतरवलेल्या खांबांचा कुठेच नसतो.

देवाचं लाकूड कुणी घरात लावत नाही, एवढ्यावर गावाचं एकमत असतं. पुढे फाटे फुटतात. काही म्हणतात पाण्यात सोडा. काही म्हणतात लिलाव करा, पैसे देवाच्याच कामाला येतील. तिसरे म्हणतात मांडावर, म्हणजे शिमग्याचे खेळ होतात त्या जागी, लावा. मी पाहिलेला वाद कणकवलीच्या बाजूच्या एका गावातला. गावातल्या मुलांनी शिमग्याच्या मांडाशेजारी तालमीला आणि चित्रवर्गाला मिळून एक जागा बांधायला घेतली होती. चिरे एका पडक्या घराचे, वासे दुसऱ्या घराचे, आणि पुढचे चार खांब त्यांना देवळाचे हवे होते.

आता मांड म्हणजे नक्की काय, यावर सगळं अडलं. जुन्या माणसांच्या लेखी मांड ही देवाची जागा. तिथे चप्पल घालून कुणी जात नाही, तिथले खेळ हे देवाचं कार्य, करमणूक नंतर. म्हणजे नव्या बांधकामाला मांड म्हटलं तर देवाचं लाकूड देवाकडेच राहिलं, कुणाचीच हरकत नाही. पण तिथे चित्रवर्ग भरणार, मुंबईहून येऊन कुणी प्रदर्शन लावणार, म्हणजे ते झालं कलादालन, आणि कलादालनाला देवाचा खांब कसा द्यायचा? मुलांचं म्हणणं, पडद्यावरचा गणपती आम्हीच रंगवतो, मग चित्र काढणं देवकार्यात का नाही? त्यावर उत्तर आलं नाही. ग्रामपंचायतीने मध्येच तिसरं नाव काढलं, बहुउद्देशीय सभागृह. त्या नावाला निधीचा रकाना असतो. तेव्हा खांब राहिले बाजूला आणि स्लॅब टाकायचा का यावर चर्चा सुरू झाली.

शेवटी कौल लावायचं, म्हणजे देवालाच विचारायचं ठरलं. देवाचा तो कौल आणि छपरावरचं ते कौल, लिंग तेवढं वेगळं. त्या दिवशी दोन्हींचा निकाल एकाच ओटीवर लागायचा होता. घाड्याने, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणाऱ्याने, गाऱ्हाणं घातलं, बारापाचाच्या, म्हणजे गावातल्या मानाच्या घरांच्या, मानकऱ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, गुरवाने देवाला फुलांच्या कळ्या लावल्या. उजवी पडली की होकार. बराच वेळ एकही पडेना. घाड्याने गाऱ्हाणं बदलून घातलं, त्यात कलादालन हा शब्द गाळला, आणि उजवी कळी पडली. अट मानकऱ्यांनी घातली. लाकूड पायदळी येता कामा नये.

म्हणून तिथे आज देवळाचे खांब उभ्याने लावलेलेच नाहीत. त्यांचा खालचा भाग पायाशी आला असता. ते आडवे घातले आहेत, रंगमंचाच्या दर्शनी बाजूला डोक्यावर. कमळाची नक्षी आडवी दिसते, थोडी विचित्र दिसते. उंबरठे आणि पायऱ्या घराच्या लाकडाच्या. मला विचाराल तर हॉटेलच्या काउंटरमागे उभं राहण्यापेक्षा मांडावर आडवं पडणं त्या खांबांना कितीतरी बरं. विरोध करणाऱ्यांपैकी दोन घरं मात्र अजून तिथे खेळ बघायला येत नाहीत. दोन खोरी पलीकडच्या गावाने असेच खांब नदीत सोडले, आणि तिथेही कुणाला चूक वाटत नाही.

कौलांची अडचण वेगळीच. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना एका स्विस मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये काढला, आणि मग ही कौलं गलबतांतून कोकणच्या बंदरांत उतरू लागली. त्याआधी पेंढा किंवा कुंभाराचे नळे, म्हणजे अर्धगोल कौलं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मिशनचे कारखाने इंग्रजांनी काढून घेतले, बाकी कारखानेही पुष्कळ निघाले, आणि प्रत्येकाने कौलाच्या पोटात आपला छाप मारला. छाप वेगळा तशी खाच वेगळी. पाच घरांची कौलं एका छपरावर चढवली की ती एकमेकांत बसत नाहीत आणि पहिल्या पावसात रंगमंचावर धार लागते. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे एवढी फट पुरते. म्हणून पोरं सुट्टीत अंगणात बसून कौलं पालथी घालतात आणि छाप बघून वेगळी रचतात. वाघाची वाघाशी, हत्तीची हत्तीशी. १०० चौरस फुटांना साधारण १५० कौलं लागतात, आणि एका छापाची तेवढी क्वचितच भरतात.

माकडं दर वर्षी पन्नासेक फोडतातच. त्या छापाची नवी येत नाहीत, जुने कारखाने एकेक करून बंद पडले. मग कुणाचं घर उतरतंय याची चौकशी होते. गेल्या मे महिन्यात खालच्या वाडीतलं एक बंद घर उतरवायचं ठरलं, तेव्हा भाऊबंदांच्या सह्या व्हायच्या आधीच मांडावरची दोन पोरं शिडी लावून कौलांच्या पोटातला छाप बघून आली होती.