मोटरसायकलच्या सस्पेन्शनची स्वारानुसार जुळवणी

मोटरसायकलचे पुढचे फोर्क आणि मागचे शॉकअप चालवणाऱ्याच्या वजनाला, मागे बसणाऱ्याला, सामानाला आणि रस्त्याला जुळतील असे लावून घेणे म्हणजे सस्पेन्शनची जुळवणी. कारखान्यातून निघणारी गाडी कुणातरी मधल्या वजनाच्या स्वारासाठी लावलेली असते. ५० किलोची मुलगी आणि ९५ किलोचे गृहस्थ या दोघांनाही तीच गाडी तशीच मिळते. तिला ती कडक लागते, त्यांची प्रत्येक खड्ड्यात तळाला आपटते, आणि दोघेही कंपनीला नावे ठेवतात.

ठाणे–नवी मुंबई पट्ट्यात हा प्रश्न जास्त जाणवतो, कारण इथे एकाच गाडीवरचा बोजा सतत बदलत असतो. सकाळी एकट्याने घोडबंदर रोडवरून वागळे इस्टेट किंवा महापे एमआयडीसी, संध्याकाळी स्टेशनवरून डबलसीट, रविवारी मागे बॅगा बांधून मुरबाडमार्गे माळशेज. शॉकअपची खाच (स्प्रिंग किती दाबून ठेवायची ते ठरवणारी पायरी) मात्र गाडी घेतल्या दिवशी होती तिथेच असते. रस्त्यांचेही तेच. वाशी ते बेलापूर पाम बीच रोड सरळ आणि सपाट. गायमुखचा चढ आणि मुंब्रा बायपास पावसाळ्यात वेगळीच परीक्षा घेतात. त्यात चौकाचौकांतले उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि सोसायट्यांच्या दारातले उंच गतिरोधक.

रचना

सस्पेन्शनमध्ये दोन कामे चालतात. स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का पोटात घेते. तेलातून फिरणारा पिस्टन त्या स्प्रिंगला मनमानी उसळू देत नाही. या दुसऱ्या कामाला डॅम्पिंग म्हणतात. दाराला बसवलेला क्लोजर दार धाडकन आपटू देत नाही, तसेच हे. पुढे बहुतेक गाड्यांना टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, फोर्क असतो; तेलाचे डॅम्पिंग असलेला असा फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर-१२ या गाडीवर बाजारात आणला. मागे दोन शॉकअप किंवा मधोमध एक मोनोशॉक असतो. यामाहाने १९७०च्या दशकात मातीतल्या शर्यतींच्या गाड्यांवर मोनोशॉक रूढ केला आणि तिथून तो रस्त्यावरच्या गाड्यांत आला.

कोणत्या गाडीत काय फिरवता येते, हे किमतीवर ठरते. अॅक्टिव्हा ६जीच्या मागच्या शॉकअपला तीन खाचा आहेत, स्प्लेंडर प्लसला पाच, नव्या क्लासिक ३५०ला सहा. या गाड्यांत एवढेच फिरते, तेही फक्त मागे. केटीएमच्या वरच्या मॉडेलांत डॅम्पिंगचे स्क्रू असतात. स्क्रू-पान्याऐवजी बटणाने जुळवणी करण्याची सोय बीएमडब्ल्यूने २००४मध्ये के १२०० एसवर दिली. पण आपल्याकडच्या बहुतेक स्वारांचा संबंध येतो तो मागच्या खाचांशीच.

प्रीलोड आणि ‘हार्ड करून द्या’

गॅरेजमध्ये गिऱ्हाईक येते आणि म्हणते, ‘शॉकअप हार्ड करून द्या.’ जाणकार मेकॅनिक आधी विचारतो, ‘दादा, एकटेच चालवता की डबलसीट?’ मग गाडी मेन स्टँडवर घेऊन तो सी-पान्याचा आकडा शॉकअपच्या खालच्या रिंगमध्ये अडकवतो आणि झटका देतो. रिंग ‘कट्’ करून वरच्या पायरीवर चढते. दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच पायऱ्या चढवायच्या असतात. एक शॉकअप दुसऱ्या खाचेवर आणि दुसरा चौथ्या खाचेवर अशा गाड्या रस्त्यावर सर्रास दिसतात. अशा वेळी दोन्ही बाजूंची ताकद असमान पडते आणि स्विंगआर्मवर, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर, विनाकारण पीळ येतो.

रिंग फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. तशी समजूत जवळजवळ सार्वत्रिक आहे, आणि ती चुकीची आहे. स्प्रिंगची ताकद तिच्या तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या व्यासावर आणि वेढ्यांच्या संख्येवर ठरते. पान्याने त्यातले काहीच बदलत नाही. बदलतो तो प्रीलोड, म्हणजे वजन पडण्याआधीच स्प्रिंग किती दाबून ठेवली आहे ते माप. त्यामुळे गाडी वजनाखाली कमी बसते.

एक हिशेब करून पाहू. समजा मागच्या चाकापाशी स्प्रिंगची ताकद दर मिलिमीटरला १५ न्यूटन आहे, म्हणजे साधारण दीड किलो वजनाला एक मिलिमीटर. चाकाची एकूण हालचाल १०० मिलिमीटर. एकटा स्वार बसला की मागची बाजू ३२ मिलिमीटर बसते. मागे ६० किलोचा माणूस बसला आणि त्यातले ५४ किलो मागच्या चाकावर आले, तर ती आणखी ३६ मिलिमीटर खाली जाते. उरले ३२. तीन हात नाक्यापासून माजिवड्यापर्यंतच्या एखाद्या बऱ्यापैकी खड्ड्याला एवढे पुरत नाही. शॉकअप तळाला टेकतो आणि धक्का थेट मागच्याच्या कंबरेत जातो. आता प्रीलोड चाकापाशी १५ मिलिमीटर भरेल इतका वाढवला, तर खड्ड्यासाठी ४७ मिलिमीटर उरतात. स्प्रिंग तीच, पण तिला काम करायला जागा मिळाली.

उलट बाजूही आहे. एकट्या हलक्या स्वाराने शेवटच्या खाचेवर ठेवलेली गाडी जवळजवळ बसतच नाही. खड्ड्यात चाक खाली जायला जागा राहत नाही, ते क्षणभर हवेत राहते आणि ओल्या रस्त्यावर मागून गाडी सुटल्यासारखी वाटते. डबलसीटसाठी वाढवलेला प्रीलोड सोमवारी पुन्हा उतरवायला हवा. पाना बऱ्याच गाड्यांच्या टूलकिटमध्ये असतो आणि काम पाच मिनिटांचे आहे. तरीही ते कुणी करत नाही, ही गोष्ट वेगळी.

सॅग मोजणे

खाच अंदाजाने न लावता मोजून लावता येते. वजनाखाली गाडी किती बसते त्या मापाला सॅग म्हणतात. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी ठेवायचे आणि चाकाच्या आसापासून सरळ वर, शेपटीवर चिकटपट्टीने केलेल्या खुणेपर्यंत अंतर मोजायचे. मग चालवणाऱ्याने हेल्मेट, बूट, पाठीवरची बॅग अशा नेहमीच्या अवतारात, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसायचे. एकाने गाडी धरायची, दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजायचे. दोन मापांतला फरक हा स्वाराचा सॅग. सील आणि बुशमधल्या घर्षणामुळे गाडी कुठेही थांबते, म्हणून एकदा दाबून सोडल्यावर आणि एकदा उचलून सोडल्यावर मोजायचे आणि मधला आकडा धरायचा. रस्त्यावरच्या वापरासाठी तो एकूण हालचालीच्या ३० टक्क्यांच्या आसपास असावा.

याबरोबर नुसत्या गाडीचा, कुणी न बसता पडणारा सॅगही मोजावा. खरी माहिती तोच देतो. स्वाराचा सॅग बरोबर आला, पण रिकामी गाडी मुळीच बसत नाही, तर स्प्रिंग त्या माणसासाठी नरम आहे आणि ती प्रीलोडने कशीबशी उचलून धरली आहे. रिकामी गाडीच खूप बसत असेल तर स्प्रिंग जरुरीपेक्षा कडक आहे. दोन्ही वेळा उपाय स्प्रिंग बदलणे हा आहे; पाना कितीही फिरवून भागत नाही. भारी वजनाच्या स्वाराला किंवा कायम डबलसीट जाणाऱ्याला हा खर्च लवकर करावा लागतो.

डॅम्पिंग

ज्या गाड्यांत स्क्रू आहेत तिथे दोन जुळवण्या निघतात. चाक वर येताना लागतो तो कॉम्प्रेशनचा अडसर, स्प्रिंग परत फाकताना लागतो तो रिबाउंडचा. रिबाउंड कमी पडला तर गतिरोधकानंतर गाडी दोन-तीनदा डुलते. जास्त झाला तर एका खड्ड्यातून शॉकअप पुरता वर येण्याआधीच दुसरा खड्डा येतो, आणि शॉकअप थोडाथोडा खाली बसत जाऊन शेवटी दगडासारखा होतो. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर हे हमखास कळते, आणि स्वाराला वाटते स्प्रिंगच कडक आहे. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग जास्त जोराने परत फेकते, म्हणून रिबाउंडही एखाद-दोन क्लिक (स्क्रू फिरवताना हाताला लागणारे टप्पे) वाढवावा लागतो.

क्लिक मोजताना स्क्रू आधी घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करायचा आणि तिथून मागे मोजत यायचे. मूळ आकडा लिहून ठेवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि रोजच्या ओळखीच्या तुकड्यावर, त्याच वेगाने फिरून पाहावे. ठाणे–बेलापूर रस्त्याचा सकाळचा मोकळा भाग त्याला चांगला. आणि या सगळ्याच्या आधी थंड टायरमधली हवा तपासावी, कारण अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

पुढची बाजू, उंची आणि हेडलाइट

साध्या गाड्यांच्या पुढच्या फोर्कला फिरवण्याजोगे काही नसते. तिथे फोर्क ऑइलचा दाटपणा आणि पातळी एवढ्याच दोन गोष्टी हातात राहतात. तेल दाट घातले की डॅम्पिंग वाढते. पातळी वाढवली की वरची हवा कमी होते आणि फोर्क शेवटच्या टप्प्यात जास्त विरोध करतो. फोर्कच्या नळ्या त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमधून काही मिलिमीटर वर सरकवून हँडल चपळ करण्याचा प्रकारही चालतो. पण त्याने पुढच्या भागाचा कोन बदलतो आणि वेगात गाडी चंचल होते, तेव्हा ते हौसेने करण्याचे काम नव्हे.

मागची बाजू खूप बसली की पुढचा भाग आपोआप वर होतो. हँडल हलके लागते, वळणावर गाडी बाहेर जाते. बोर घाटात हे स्पष्ट जाणवते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना मनाई असल्याने लोणावळ्याला जाणाऱ्यांची वाट खोपोलीवरून त्याच घाटातून जाते. रात्री याची आणखी सोपी खूण मिळते. मागे माणूस बसला आणि हेडलाइटचा झोत झाडांवर गेला, समोरचा डिपर मारू लागला, तर प्रीलोड कमी आहे. टेप न लावता कळणारी खूण हीच.

कमी उंचीचे स्वार पाय टेकावेत म्हणून मागचा प्रीलोड अगदी कमी करून घेतात. त्याने उंची थोडी कमी होते, पण खड्ड्यासाठीची हालचाल जाते आणि गतिरोधकावर गाडीचे पोट घासते. सीटचा फोम कमी करून घेणे हा त्यापेक्षा बरा मार्ग. मोनोशॉकची लिंकेज (त्याला मागच्या दांड्याशी जोडणारे सांधे) बदलून गाडी खाली केली, तर साइड स्टँडही आखूड करावा लागतो, नाहीतर उभी केलेली गाडी सरळ राहते आणि हलक्या धक्क्याने पलीकडे पडते.

देखभाल

खाडीकाठच्या खाऱ्या हवेत फोर्कच्या नळीवर गंजाचे बारीक ठिपके पडतात. ते ऑइल सील कापतात, आणि गळलेले तेल डिस्कवर गेले की ब्रेकही जातो. मागच्या रिंगमध्ये चिखल बसून ती जाम होते. पाण्याने धुऊन, तेलाचा फवारा मारून ती मोकळी करावी. हातोडीने ठोकल्यास खाच मोडते. तेल गळालेल्या शॉकअपवर कोणतीही जुळवणी लागू पडत नाही. रोजच्या गाड्यांत ते उघडून दुरुस्त करण्याजोगे सहसा नसतात, त्यामुळे दोन्ही एकदम बदलावे लागतात. नायट्रोजन भरलेले शॉकअप दाबाखाली असतात. ते कुठल्याही गॅरेजात उघडू किंवा वेल्डिंगसाठी तापवू देऊ नयेत.