बेळगावातून परदेशी मैफलीला आणि शिकवणीला: कुठला व्हिसा, कोणते कागद

परदेशातून बोलावणं आलं की आपण आधी तिकीट बघतो. आधी बघायचं ते नाव. सीमाभागातल्या कलाकाराचे कागद दोन राज्यांत विखुरलेले असतात. दहावीचं मार्क्स कार्ड कर्नाटकाचं, त्यावर कधी नुसती आद्याक्षरं. विशारदचं प्रमाणपत्र गांधर्व महाविद्यालय मंडळाचं, त्यावर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव. पदवी धारवाडची किंवा कोल्हापूरची. आणि मैफलीच्या जाहिरातीवर तिसरंच, रसिकांच्या तोंडी असलेलं नाव. व्हिसा अधिकाऱ्याला ही तीन माणसं वाटतात. म्हणून पासपोर्टवरचं नाव मुख्य धरा, जे कागद दुरुस्त होतील ते करून घ्या, आणि उरलेल्यांसाठी ‘ही सर्व नावे माझीच’ असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं, त्यामुळे जुन्या दाखल्यावर आणि आधारवर गावाचं स्पेलिंग वेगळं दिसेल. अर्जात मात्र सगळीकडे पासपोर्टवरचंच स्पेलिंग लिहा.

सतत दौरे असतील तर ३६ ऐवजी ६० पानांचा पासपोर्ट मागा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी हवी, असा शेरा) पडतं. असा पासपोर्ट असताना आखाती देशात नोकरीवर शिकवायला जायचं तर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून परवानगी घ्यावी लागते. किती तरी गुणी तबलजी लहानपणीच शाळा सोडून गुरूकडे राहिलेले असतात, त्यांनी हे आधीच बघावं.

आता व्हिसा. एक गोष्ट कळकळीनं सांगतो: पर्यटक व्हिसावर जाऊन बिदागी घेऊन गाऊ नका (ब्रिटनचा अपवाद पुढे येतो). ‘घरगुती बैठक आहे, कोण विचारतंय’ असं सांगणारे संयोजक भेटतात. पण विमानतळावरून परत धाडलं जातं ते कलाकाराला, आणि त्यानंतर प्रत्येक अर्जात ते लिहावं लागतं.

अमेरिकेसाठी आपल्या संगीताला नेमका बसणारा प्रकार म्हणजे पी-३. एखाद्या संस्कृतीची खास कला सादर करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या कलाकारांसाठीच तो आहे, त्यामुळे मैफल आणि कार्यशाळा दोन्ही त्यात येतात. मुदत एका वर्षापर्यंत, पुढे वाढवता येते. यात पहिला अर्ज तुम्ही करत नाही. तिथला संयोजक किंवा एजंट आय-१२९ हा फॉर्म भरतो. सोबत करार, तारीखवार कार्यक्रमपत्रिका, तिथल्या कलाकार संघटनेचं मत आणि जाणकारांची पत्रं लागतात. तो मंजूर झाला की तुम्ही डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा आणि मुलाखतीला जायचं.

जाणकाराच्या पत्रावर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. ‘हे थोर कलाकार आहेत’ एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. लिहिणाऱ्यानं स्वतःचा अधिकार सांगावा, तुमची तालीम कुणाकडे आणि किती वर्षं झाली ते लिहावं, ख्याल म्हणजे काय, घराणं म्हणजे काय, ही विद्या तोंडी कशी उतरते, हे संगीताशी अनोळखी वाचकाला समजेल असं मांडावं. ज्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले ते गाव बेळगावपासून हाकेच्या अंतरावर आहे, हे आपल्याला सांगावं लागत नाही. तिथल्या अधिकाऱ्याला हा मुलूखच ठाऊक नसतो. धारवाड आकाशवाणीचं ग्रेडचं, म्हणजे कलाकाराच्या दर्जाचं, पत्र, वर्तमानपत्रांतली परीक्षणं, कार्यक्रमपत्रिका लावा. मराठी-कन्नड कात्रणांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवंच.

साथीदारांची नावं संयोजकाला पहिल्याच अर्जात द्या. गटाच्या अर्जात ऐनवेळी तबलजी बदलता येतो, पण त्यासाठी संयोजकाचं वेगळं पत्र लागतं आणि नव्या माणसाचा व्हिसा पहिल्यापासून काढावा लागतो. पती-पत्नी, मुलांना पी-४ मिळतो. त्यावर काम करता येत नाही.

ब्रिटनला दोन-चार मैफलींसाठी जायचं असेल तर ३१ जानेवारी २०२४ पासून साध्या व्हिजिटर व्हिसावरच मानधनाचे कार्यक्रम चालतात, मात्र ते येण्याआधी ठरलेले हवेत आणि पोहोचल्यापासून ३० दिवसांत व्हायला हवेत. नियमित क्लास घेणं त्यात येत नाही. लांबचा मुक्काम असेल तर क्रिएटिव्ह वर्कर व्हिसा, १२ महिन्यांपर्यंत. त्याला संयोजकाचं स्पॉन्सरशिप प्रमाणपत्र लागतं, आणि संयोजकानं खर्चाची हमी घेतली नसेल तर खात्यात १,२७० पौंड सलग २८ दिवस दिसावे लागतात. युरोपातल्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं आणि किमान ३०,००० युरोचा विमा लागतो. मानधनाची परवानगी प्रत्येक देश आपापली ठरवतो.

सरकारी वाटेनं जायचं असेल तर आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) कलाकार पॅनेलसाठी अर्ज करा. परदेशातल्या भारतीय सांस्कृतिक केंद्रांवर संगीतशिक्षकही ही संस्था पाठवते.

शिकवण्याच्या नोकरीत प्रमाणपत्रांवर अपोस्टिल मागतात, म्हणजे कागद खरा असल्याची, आंतरराष्ट्रीय करारानं इतर देशांतही चालणारी मोहोर. भारत २००५ पासून त्या करारात आहे. कागद ज्या राज्याचा, त्या राज्याची साक्षांकनाची मोहोर आधी, मग परराष्ट्र मंत्रालयाची. म्हणजे मार्क्स कार्ड बेंगळुरूकडे, कोल्हापूरची पदवी महाराष्ट्राकडे. दोन्हीकडच्या फेऱ्या धरून निदान चार-सहा महिने हाताशी ठेवा. अमिराती त्या करारात नाही, तिथे दूतावासाची मोहोर लागते.

राहिलं वाद्य. मिरजेहून आणलेल्या जुन्या तंबोऱ्याची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असेल तर तो तंबोरा घरीच ठेवा, कायद्यानं ते नेता येत नाही. शिसवी तबला परदेशी न्यायला २०१७ साली परवाना लागू लागला होता, २०१९ च्या नोव्हेंबरअखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. ऑस्ट्रेलियात भोपळ्याचं वाद्य उतरताच जाहीर करा. आणि निघताना विमानतळावर कस्टमकडून वाद्यांचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, फोटो आणि ओळखखुणांसह. नाहीतर परत येताना स्वतःच्याच तंबोऱ्यावर ड्यूटी मागितली जाऊ शकते. यासाठी वाद्य चेक-इनला देण्याआधी तास-दीड तास हातात असू द्या.