चार आठवडे की बारा महिने? प्रौढ शिक्षणाचे दोन युरोपीय आकडे

युरोपीय संघातले किती प्रौढ शिकतात? २०२२ या एकाच वर्षासाठी दोन उत्तरं सापडतात: सुमारे १२ टक्के आणि सुमारे ४० टक्के. दोन्ही संघाच्या सांख्यिकी कार्यालयाची, म्हणजे युरोस्टॅटचीच, दोन्ही २५ ते ६४ वयोगटाची आणि दोन्ही बरोबर.

१२ टक्के येतात श्रमशक्ती सर्वेक्षणातून. तिथे गेल्या चार आठवड्यांबद्दल विचारतात. ४० टक्के प्रौढ शिक्षण सर्वेक्षणातले. ते २००७, २०११, २०१६ आणि २०२२ साठी झालं आणि त्यात प्रश्न गेल्या बारा महिन्यांचा असतो. पदवी-पदविका, वर्ग, कार्यशाळा दोन्हीकडे धरतात. घरी स्वतःहून वाचून शिकलेलं दोन्हीकडे वगळतात.

आता हिशोब करून पाहा. समजा, प्रत्येक प्रौढाने वर्षातून एकदा एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं आणि ते दिवस वर्षभर सारखे विखुरले. बारा महिन्यांचा आकडा येईल १०० टक्के. चार आठवड्यांचा मात्र ५२ पैकी ४, म्हणजे जेमतेम ८. दोन वर्षांची संध्याकाळची पदविका करणारा दोन्हीकडे मोजला जातो. थोडक्यात, चार आठवड्यांच्या आकड्यात लांबलचक शिक्षणाचं पारडं जड असतं. बारा महिन्यांचा सांगतो की शिक्षण किती जणांपर्यंत पोचलं. म्हणूनच हंगेरी २०२२ मध्ये एका यादीत १० टक्क्यांच्या आत आणि दुसरीत ६० च्या वर दिसतो. स्वीडन दोन्हीकडे वरच राहतो.

सर्वांत मोठी गफलत उद्दिष्टांची होते. २०२० साठी संघाचं उद्दिष्ट होतं १५ टक्के, चार आठवड्यांच्या मोजणीवर. मे २०२१ मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या सामाजिक शिखर परिषदेत २०३० साठी ६० टक्के ठरले, ते बारा महिन्यांच्या मोजणीवर. हे दोन आकडे एकाच आलेखावर मांडले की महत्त्वाकांक्षा चौपट झाल्यासारखी वाटते. तसं काही झालेलं नाही.

शिवाय, कामावर अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखाली मिळणारं प्रशिक्षण धरलं तर २०२२ चे ४० टक्के ४७ च्या आसपास जातात. ६० टक्क्यांच्या उद्दिष्टात ते धरत नाहीत, म्हणून तुलना ४० शीच करायची.

आर्थिक वाढीशी सांगड घालताना मी दोन्हींबाबत सावध राहीन. दोन तासांचं सुरक्षा प्रशिक्षण आणि सहा महिन्यांचं वेल्डिंग, दोन्हींची नोंद 'हो' अशीच होते. उत्पादकतेबद्दल बोलायचं तर दरडोई किती तास शिकवलं, हे त्याच प्रौढ शिक्षण सर्वेक्षणातून वेगळं काढावं लागतं.