स्ट्रॉबेरी : परसबाग आणि स्वयंपाकघर

स्ट्रॉबेरी : (लॅ. फ्रॅगॅरिया अनानासा, कुल–रोझेसी). गुलाबाच्या कुलातील, जमिनीलगत पसरणारी बहुवर्षायू ओषधी व तिचे लाल रसाळ फळ. रोप वीतभर उंचीचे, कुंडीत मावणारे आणि फळ लहान मुलाच्या हाताला येणारे असल्याने घरच्यांनी मिळून करायच्या लागवडीसाठी ते सोयीचे ठरले आहे.

नावात ‘बेरी’ असले तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही बेरी, म्हणजे मृदुफळ, नव्हे. मृदुफळ एका फुलातील किंजपुटापासून (बीजांडे धारण करणाऱ्या भागापासून) तयार होते आणि त्याची भिंतच गर बनते. या व्याख्येत टोमॅटो, द्राक्ष आणि केळे बसतात. स्ट्रॉबेरीचा गर म्हणजे फुगलेले पुष्पासन, फुलाचे भाग ज्यावर बसतात तो देठाचा शेंडा. त्यावर टोचल्यासारखे दिसणारे बारीक पिवळसर दाणे ही खरी फळे (कृत्स्नफळे) असून प्रत्येकात एक बी असते. चांगल्या फळावर असे सुमारे दोनशे दाणे असतात. बागेतील वाकडे फळ का होते, याचे उत्तर या रचनेत आहे.

नाव व उगम : इंग्रजी नावातील ‘स्ट्रॉ’चा अर्थ वादग्रस्त आहे. फळे मातीला टेकू नयेत म्हणून रोपांखाली पेंढा अंथरतात, त्यावरून नाव पडले हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे. मात्र हा शब्द प्राचीन इंग्रजीत, बहुधा इ. स. १००० च्या सुमारास किंवा त्याआधीपासून, आढळतो आणि त्या काळी लोक मुख्यतः रानातली बारीक फळे वेचत. त्यामुळे पृष्ठभागावरील कोंड्यासारखे दाणे किंवा जमिनीवर विखुरल्यासारखी पसरणारी धावती खोडे यांच्याशी नावाचा संबंध जोडणारी मते अधिक सयुक्तिक वाटतात. निर्णायक पुरावा कोणत्याच बाजूला नाही.

आजची मोठी स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात यूरोपात झालेला संकर आहे. आमेदे फ्रांस्वा फ्रेझिए हा फ्रेंच लष्करी अभियंता १७१४ मध्ये चिलीहून परतला, तेव्हा त्याने मोठ्या फळांच्या फ्रॅ. चिलोएन्सिस या जातीची काही रोपे आणली. ती सर्व स्त्री-रोपे निघाली. एकटी लावली तर फुलत, पण फळत नसत. उत्तर अमेरिकेतून आधीच आलेली फ्रॅ. व्हर्जिनियाना शेजारी लावल्यावर फळे धरली आणि त्यांच्या बियांतून नवी जात निपजली. हे पहिल्यांदा फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात घडले की इतरत्रही स्वतंत्रपणे घडले, याबाबत एकमत नाही. अननसाची आठवण करून देणाऱ्या वासावरून ‘अनानासा’ हे नाव पडले. संकराच्या जनक जाती कोणत्या हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंत्वान निकोला द्यूशेन याने १७६६ च्या ग्रंथात सांगितले आणि ते आजही मान्य आहे.

त्यामागचा उगम अजून वादात आहे. या रोपाच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच, म्हणजे एकूण ५६ गुणसूत्रे असतात (अष्टगुणित), रानटी फ्रॅ. व्हेस्कात फक्त १४ असतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीनोम-अभ्यासात (संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासात) चार द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेले, पूर्वज सुचवले गेले : व्हेस्का, ईनुमाए, व्हिरिडिस आणि निप्पोनिका. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने पहिल्या दोघांनाच पुरेसा आधार असल्याचे म्हटले. सध्या सावधपणे त्या दोघांचीच नावे घेणे बरे.

लागवड : माती भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी आणि किंचित आम्ल (पीएच ५.५ ते ६.५) हवी, ऊन दिवसाला सहा तास तरी मिळावे. वाफ्यात दोन रोपांत ३० ते ४५ सेंमी. अंतर ठेवतात. कुंडीत लावल्यास २० सेंमी. व्यासाच्या कुंडीत एक, ३० सेंमी.च्या कुंडीत फार तर तीन रोपे लावावीत. सर्वांत जास्त रोपे मरतात ती लावण्याच्या खोलीमुळे. पाने व मुळे जिथे मिळतात तो आखूड खोडाचा भाग (मुकुट) बरोबर मातीच्या पातळीवर हवा. तो पुरला गेला तर कोंब कुजतो, वर राहिला तर मुळे सुकतात. पाणी घालून माती बसल्यावर ही पातळी पुन्हा तपासावी. नव्या रोपांची पहिली काही फुले खुडून टाकल्यास मुळे आधी जोर धरतात; मुलांना हे पटवणे मात्र कठीण जाते.

गराची वाढ दाण्यांच्या हुकुमाने होते. १९५० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ झां पिएर निच याने कोवळ्या फळावरील दाणे काढून दाखवले, की त्या जागचा गर वाढत नाही, आणि ऑक्सिन हे संप्रेरक लावले की वाढ पुन्हा सुरू होते. म्हणून ज्या किंजदलांना (फुलातील स्त्री-अवयवांना, ज्यांचे दाणे होतात) पराग मिळाला नाही त्यांच्याभोवतीचा गर खुरटतो आणि फळ एका अंगाने दबलेले, बारीक दाण्यांची दाटी झालेले निघते. गॅलरीत किंवा जाळीखाली मधमाश्या पोचत नाहीत, तिथे हा दोष हमखास दिसतो. मऊ कुंचला उमललेल्या फुलात आधी बाहेरच्या पिवळ्या केसरदलांवर आणि मग मधल्या हिरवट उंचवट्यावर सगळीकडून फिरवावा; दोन-तीन दिवस, दवबिंदू वाळल्यावर. एका फुलाच्या अर्ध्या उंचवट्यावरच पराग लावून ठेवला, तर तीन-चार आठवड्यांनी एकाच फळात दोन्ही निकाल समोरासमोर दिसतात.

धावत्या खोडाच्या टोकाला छोटी रोपटी येतात. देठ न तोडता रोपटे मातीच्या लहान कुंडीवर ठेवून तारेच्या आकड्याने किंवा केसांच्या पिनेने दाबावे. चार ते सहा आठवड्यांत मुळे धरली की आईपासून कापावे. फळे चालू असताना धावती खोडे सोडल्यास उत्पन्न घटते. तीन-चार वर्षांनी जुनी रोपे विषाणू व थकव्यामुळे बदलावी लागतात. रोगट रोपाची पिल्ले घेऊ नयेत.

करडी बुरशी (बोट्रायटिस) फळ ओले राहिले की येते. पाणी पानांवर न घालता बुडाशी द्यावे, खाली पेंढा अंथरावा व बाधित फळ लगेच काढावे. पक्षी जाळीनेच थांबतात. लाल रंगवलेले गोटे वाफ्यात ठेवण्याची युक्ती मुलांना आवडते, पण पाखरे काही दिवसांत ती ओळखतात.

तोडणी : तोडल्यावर फळ पिकत नाही. रंग थोडा गडद होतो, गोडी मात्र वाढत नाही. म्हणून हिरव्या टोपीखालचा पांढरा भागही लाल झाल्यावर सकाळी, देठाचा तुकडा ठेवून नखाने तोडावे. धुणे खाण्याच्या वेळीच, तेही हिरवी टोपी काढण्यापूर्वी.

जॅम : १ किग्रॅ. फळे, ८०० ग्रॅ. साखर, ६० मिलि. लिंबाचा रस. स्ट्रॉबेरीत जॅम घट्ट करणारे पेक्टिन कमी असल्याने पाव हिस्सा फळे किंचित कच्ची घ्यावीत. फळे व साखर रात्रभर एकत्र ठेवली की रस सुटतो आणि फोडी अख्ख्या राहतात. रुंद पातेले एक तृतीयांशाहून जास्त भरू नये, कारण उकळी झपाट्याने वर येते. लिंबू पेक्टिनला जुळायला लागणारी आम्लता देते. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे ४ ते ५ अंश से. वर मिश्रण पोचले की साखर ६५ टक्क्यांच्या आसपास येते व जॅम धरतो. तापमापक नसेल तर वजन करावे : वरील प्रमाणात सुमारे १.३ किग्रॅ. उरले की झाले. थंड बशीवरच्या थेंबाला बोटाने ढकलले असता सुरकुती पडली पाहिजे. पातळ राहिला म्हणून तासभर आटवत बसल्यास पेक्टिन तुटते, रंग तपकिरी होतो आणि हाती पाक येतो. फोडी बरणीत वर तरंगतात त्या आत हवा असल्यामुळे. उतरवल्यावर दहा मिनिटे थांबून, ढवळून मग भरावे. उकळत्या साखरेपाशी मुलांचे काम नाही. त्यांनी टोप्या काढाव्यात आणि बशीवर परीक्षा घ्यावी.

डीएनए वेगळे करणे : अष्टगुणितपणाचा घरगुती उपयोग; पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असल्याने डीएनए भरपूर मिळते. जाड पिशवीत तीन मोठी फळे पूर्ण कुस्करावीत. १०० मिलि. पाण्यात दोन चहाचे चमचे भांडी धुण्याचा द्रव साबण आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून त्यात ओतावे, फेस न आणता मिसळावे व कापडातून गाळावे. साबणाने पेशींची आवरणे फुटतात. रसावर तितकेच, फ्रीझरमध्ये गार केलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल पेल्याच्या कडेने सोडावे. दोन थरांच्या सीमेवर पांढरट, शेंबडासारखे धागे वर येतात. ते काडीवर गुंडाळता येतात, मात्र त्यांत पेक्टिन व प्रथिनेही मिसळलेली असतात. धागे न आल्यास अल्कोहोल कोमट होते किंवा ओतताना थर ढवळले गेले, असे समजावे. उरलेले मिश्रण खाण्याजोगे नसते. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने शेगडी बंद ठेवावी.