राष्ट्रीय मरु उद्यान, जैसलमेर

राजस्थानच्या जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेले, थरच्या वाळवंटातील सुमारे ३,१६२ चौ. किमी. क्षेत्राचे वन्यजीव संरक्षित क्षेत्र. स्थापना १९८०. नावात ‘राष्ट्रीय उद्यान’ असले तरी कायद्याने ते अभयारण्यच आहे. आत अनेक गावे आणि ढाण्या (लहान वाड्या-वस्त्या) नांदत्या आहेत, मेंढ्या-उंट चरतात आणि पावसाच्या भरवशावर बाजरी-गवार पिकते. माळढोक पक्ष्याचा भारतातील शेवटचा मोठा आसरा ही या उद्यानाची खरी ओळख.

वाळवंट म्हटले की डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. स्थानिक लोक त्यांना ‘धोरे’ म्हणतात. उद्यानाचा मोठा भाग मात्र धोऱ्यांचा नाही. खडकाळ पठारे, गोट्यांची सपाट मैदाने, कडक झालेली वाळू आणि त्यांवर उगवलेले सेवण गवत असा इथला मुलूख आहे. वर्षाला सरासरी २०० मिमी.ही पाऊस पडत नाही, पण तेवढ्यावर सेवणाचे ठोंब वर्षानुवर्षे तग धरतात. वाळू धरून ठेवणारे, जनावरांना पोसणारे आणि माळढोकाला घरट्यासाठी आडोसा देणारे हेच गवत. अधूनमधून खेजडी (आपली शमी), रोहिडा, केर, बोर, फोग आणि रुई दिसते. ‘सम’ या गावाजवळच्या धोऱ्यांवर उंटावर बसून सूर्यास्त पाहून परतणारे हजारो पर्यटक या गवताळ माळापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि उद्यान तर तिथेच आहे.

प्राणी-पक्षी पाहायचे असतील तर सुदासरीला जावे. जैसलमेरपासून सुमारे ६० किमी.वरचे हे ठिकाण वनखात्याने कुंपण घालून राखले आहे. गुरांची चराई थांबल्यामुळे कुंपणाच्या आतले आणि बाहेरचे गवत यांतला फरक नुसत्या नजरेला कळतो. प्रवेशासाठी वनखात्याची परवानगी लागते. पहाटेचे दोन-तीन तास आणि उन्हे कलल्यानंतरचा वेळ उपयोगाचा, कारण दुपारी तापलेल्या हवेच्या लाटांमुळे दुर्बिणीतूनही दूरचे काही स्पष्ट दिसत नाही. इथे झाडी नसल्याने प्राणी लांबून दिसतात. माणूसही त्यांना तितकाच लांबून दिसतो. म्हणून गाडी एका जागी थांबवून बसणे हे फिरण्यापेक्षा जास्त फळते.

चिंकारा सहज दिसतो. अंगावर जेमतेम मांस असलेले हे हरीण पाणी न पिता बराच काळ राहू शकते. पाला आणि दव यांतली ओल त्याला पुरते. कोल्ह्यापेक्षा लहान असलेल्या खोकडाचे दोन प्रकार येथे आहेत आणि ओळखण्याची खूण शेपटीच्या टोकाला असते: वाळवंटी खोकडाचे टोक पांढरे, तर आपल्याकडच्या माळरानावरच्या खोकडाचे काळे. वाळवंटी रानमांजर भेटणे नशिबाचा भाग. सांडा हा काटेरी शेपटीचा शाकाहारी सरडा बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसतो, मात्र थंडीत बिळाचे तोंड मातीने बुजवून आत पडून राहतो. त्याच्या शेपटीतल्या चरबीचे तेल औषधी असल्याच्या खोट्या समजुतीपायी त्याची बेसुमार शिकार झाली आहे. सांडे आणि वाळवंटी उंदीर आहेत, म्हणून येथे शिकारी पक्षी आहेत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पक्षिनिरीक्षणाचा हंगाम. मध्य आशियातून येणारे गरुड, काळे गिधाड, युरेशियन गिधाड आणि हिमालयातली गिधाडे मेलेल्या गुरांवर एकत्र उतरतात. हुबारा हा माळढोकाचा छोटा भाऊबंदही थंडीतलाच पाहुणा. रणगोजे, चंडोल आणि पांढऱ्या भुवईचा दुर्मीळ गप्पीदास झुडपाझुडपांवर शोधावे लागतात. पखुर्ड्यांचे थवे मात्र स्वतःहून समोर येतात. सकाळी ठरलेल्या वेळी ते पाणवठ्यावर उतरतात. पिल्ले असताना पखुर्डीचा नर पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि ती ओल घेऊन कित्येक किलोमीटर दूर पिल्लांपर्यंत उडत जातो.

माळढोकाला येथे ‘गोडावण’ म्हणतात. हा राजस्थानचा राज्यपक्षी. मीटरभर उंच आणि पंधरा किलोंपर्यंत वजनाचा हा पक्षी उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक आहे. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. एका अंड्यावर चालणारी ही वंशवेल भटक्या कुत्र्यांना आणि विजेच्या तारांना कशी पुरी पडणार? माळढोकाचे डोळे बाजूला असल्याने समोरची तार त्याला उशिरा दिसते, आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळता येत नाही. वारा आणि ऊन मुबलक म्हणून जैसलमेर परिसरात पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प उभे राहिले, त्यांच्याबरोबर तारांचे जाळे आले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये तो बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. आज जगात जेमतेम दीडशे पक्षी उरले असावेत. सम येथे २०१९ पासून भारतीय वन्यजीव संस्था आणि वनखाते अंडी उबवून पिल्ले वाढवत आहेत, आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. हे यश मोठेच, पण ती पिल्ले सोडायला तारा नसलेला माळ लागेल.

महाराष्ट्राने हा धोका आधीच अनुभवला आहे. सोलापूरजवळच्या नान्नजसह १९७९ मध्ये जाहीर झालेले माळढोक अभयारण्य मूळचे साडेआठ हजार चौ. किमी.चे होते, शेती आणि वस्ती त्यात सापडल्याने लोकांचा रोष ओढवला आणि पुढे ते बरेच आटवावे लागले. आज तिथे माळढोक दिसणे ही बातमी होते. थरमध्ये गावकऱ्यांशी नाते थोडे वेगळे आहे. देवाच्या नावाने राखलेल्या ‘ओरण’ नावाच्या कुरणांत झाड तोडत नाहीत, आणि गोडावण तिथेही चरतो. ओरणांवरून तारा जाऊ नयेत म्हणून इथल्या पशुपालकांनीच आवाज उठवला आहे.

उद्यानासोबत दोन जागा जोडून पाहता येतात. जैसलमेरपासून १७ किमी.वरच्या आकल येथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे दगड झालेले बुंधे उघड्यावर पडलेले आहेत. म्हणजे हा मुलूख एकेकाळी दमट जंगलाचा होता. फलोदीजवळच्या खीचनमध्ये थंडीत हजारो कांड्या करकोचे उतरतात आणि गावकरी त्यांना रोज दाणे घालतात. २०२५ मध्ये खीचनला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.