पहिले विमान सुखोईसारखे नको

ओझरच्या एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड) कारखान्यात जुळणी झालेली सुखोई-३० एमकेआय विमाने नाशिककरांच्या डोक्यावरून अनेकदा गेली आहेत. त्यामुळे येथील मूल रिमोटवर उडणारे पहिले विमान मागते, तेव्हा त्याला लढाऊ विमानाची प्रतिकृतीच हवी असते. हा हट्ट पुरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण सुखोईच्याच रचनेत आहे. झटकन वळता यावे म्हणून ते विमान मुद्दाम कमी स्थिर ठेवलेले असते आणि त्याला सावरण्याचे काम संगणक क्षणोक्षणी करत असतो. नवशिक्याला नेमके याच्या उलट, हात चुकला तरी आपोआप सावरणारे विमान हवे.

अशा विमानाचा पंख धडाच्या वर बसवलेला असतो आणि समोरून पाहिल्यास त्याची दोन्ही टोके उघड्या पुस्तकाच्या पानांसारखी किंचित वर उचललेली दिसतात. विमान एका अंगावर कलले की त्याच बाजूला घसरू लागते. मग खालच्या पंखाला हवा अधिक कोनातून भिडते, तेथील उचल वाढते आणि कललेली बाजू पुन्हा वर येते. पंखाची ही ठेवण असली की एलेरॉनशिवायही (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी हलती पट्टी), केवळ मोटर, एलिव्हेटर (शेपटीची, नाक वर-खाली करणारी आडवी पट्टी) आणि रडर (शेपटीची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी पट्टी) यांवर विमान नीट वळते.

दुसरी पारख वजनाची. १२० सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद पंखावर ७२० ग्रॅमचे विमान तोलायचे, तर ते ताशी साधारण २५ किलोमीटर वेगातही हवेत टिकते. त्याच पंखावर दुप्पट वजन लादल्यास हा किमान वेग ३५ च्या घरात जातो, आणि शिकणाऱ्याला विचार करायला मिळणारा वेळ तितकाच आटतो. म्हणून मोठा पंख, हलके धड आणि पडल्यावर डिंकाने सांधता येणारा फोम, हेच पाहून घ्यावे.

उड्डाणापूर्वी बॅटरी बसवून पंखाच्या पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटीमीटरवर, दोन्ही बाजूंना एकेक बोट टेकवून विमान तोलून पाहावे. नाक जरासे खाली झुकले तर ठीक; शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवल्याशिवाय ते हातातून सोडूच नये.

जागा निवडताना ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा लष्करी परिसर पूर्ण टाळावा व डिजिटल स्काय या ड्रोन उड्डाणांसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा आधी पाहावा. द्राक्षबागांच्या तारांपासून लांबचे, पीक निघालेले मोकळे रान आणि हिवाळ्यातली वारा पडलेली सकाळ उत्तम.

विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते, आणि बहुतेकांचे पहिले विमान येथेच पडते. अशा वेळी जो पंख खाली गेलेला दिसेल, रिमोटची काडी त्याच पंखाकडे ढकलावी, जणू आपण त्याला खालून टेकू देत आहोत.